लिखित वचनाचे मोल : डेबियन ही संगणकप्रणाली लोक का निवडतात



शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयात पुस्तकांइतकीच मोलाची आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे दाखल नोंदवही. पुस्तक केव्हा आले, देणगीदाखल आले की विकत घेतले, किंमत किती पडली, क्रमांक कोणता दिला, हे सारे तिच्यात उतरलेले असते. टाकाने लिहिलेली ती अक्षरे आज फिकट झाली असतील, कागद कडांशी झिजला असेल. तथापि वही उघडली की ती वाचता येते. त्यासाठी वही विकणाऱ्या दुकानदाराची परवानगी लागत नाही, आणि ते दुकान बंद पडले म्हणून वहीतील नोंदी नाहीशाही होत नाहीत.

संगणकावर केलेल्या नोंदींचे मात्र तसे नाही. १९९० च्या दशकात संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर आज उघडून पाहावा, तर पुष्कळदा इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थशून्य गुंता पुढे येतो. देवनागरीचा फाँट तयार करणारा प्रत्येक जण त्या काळी अक्षरांना आपल्या सोयीने सांकेतिक क्रमांक देत असे. तो विशिष्ट फाँट किंवा ती विशिष्ट आज्ञावली हाताशी नसेल, तर मजकूर असूनही नसल्यासारखाच. युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धती रूढ झाली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. परंतु तिने शिकवलेला धडा जुना झालेला नाही. शंभर वर्षांपूर्वीची वही वाचता यावी आणि तीस वर्षांपूर्वीची यादी वाचता येऊ नये, असे का व्हावे? याचे उत्तर यंत्रापेक्षा मालकीत अधिक आहे. वही ग्रंथालयाची होती. यादी ज्या साधनाने लिहिली, ते साधन मात्र दुसऱ्याचे होते.

या प्रश्नाचा विचार करूनच जगातील पुष्कळ लोकांनी आणि संस्थांनी ‘डेबियन’ नावाची एक संगणकप्रणाली निवडली आहे. ती का निवडली जाते, हा आजचा विषय.

संगणकाचे यंत्र आणि वापरणारा माणूस यांच्यामध्ये एक मूलभूत आज्ञावली काम करीत असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, फाइल चकतीवर योग्य जागी ठेवणे, छपाईयंत्राकडे मजकूर पाठविणे, कोणाला कोठवर प्रवेश द्यायचा ते ठरविणे, ही तिची कामे. बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत ही प्रणाली संगणकाबरोबरच आलेली असते. ती विकत घेतली असे आपण म्हणतो. वस्तुतः मिळतो तो तिच्या वापराचा परवाना. तिची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, ग्राहकाला पाहता येत नाही, बदलता येत नाही, आणि ती किती वर्षे सांभाळायची हे कंपनी ठरविते. विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढची आवृत्ती कित्येक जुन्या संगणकांना अधिकृतपणे चालत नाही. यंत्र धडधाकट असताना ते टाकाऊ ठरावे, हा निर्णय त्या यंत्राच्या मालकाने घेतलेला नसतो.

या व्यवस्थेला पर्याय हवा, असे वाटणारी माणसे पूर्वीच पुढे आली होती. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, तिचा अभ्यास करावा, तिच्या प्रती वाटाव्यात, तीत सुधारणा करून त्याही वाटाव्यात, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ‘लिनक्स’ नावाचा प्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. गाभा तयार झाला आणि भोवतालची साधनेही होती. परंतु ती सारी सामान्य माणसाने एकत्र जुळवायची कशी? ग्रंथ विखुरलेले असले म्हणजे ग्रंथालय होत नाही. कोणीतरी ते गोळा करावे लागतात, तपासावे लागतात आणि लावून ठेवावे लागतात. असे संकलन करणारे काही जण तेव्हा होते, पण त्यांच्या कामात चुका फार असत आणि त्या दुरुस्त करण्याची आस्था कमी.

इयन मरडॉक हा इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी. १६ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने नव्या संकलनाची घोषणा केली. त्या वेळची त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, या दोन नावांच्या संयोगातून ‘डेबियन’ हे नाव झाले. हे संकलन काळजीपूर्वक आणि उघडपणे केले जावे, ते कोणा एका व्यापाऱ्याच्या हाती नसावे, अनेकांनी मिळून ते सांभाळावे, अशी त्याची कल्पना होती. मरडॉक २०१५ च्या डिसेंबरात निवर्तला. त्याने मांडलेली कल्पना मात्र तीस वर्षे उलटून गेली तरी चालू आहे.

डेबियनचा विशेष तिच्या तंत्रात शोधू गेल्यास तो पुरतेपणी सापडत नाही. जलद चालणाऱ्या, देखण्या, सोप्या अशा इतर मुक्त प्रणाली आहेत. उबुंटूसारख्या काही तर डेबियनच्याच पायावर उभ्या राहिल्या आणि तिच्याहून अधिक लोकप्रिय झाल्या. डेबियनचा विशेष एका कागदात आहे. ५ जुलै १९९७ रोजी या संस्थेने ‘सामाजिक करार’ संमत केला. त्यात मोजकी पाच कलमे आहेत. प्रणाली संपूर्णपणे मुक्त राहील. जे नवे लिहिले जाईल ते मुक्त आज्ञावलीच्या समाजाला परत दिले जाईल. दोष लपविले जाणार नाहीत. वापरणारे लोक आणि मुक्त आज्ञावली यांच्या हिताला अग्रक्रम राहील. आणि ज्यांना मुक्त नसलेली साधने वापरावी लागतात त्यांचीही सोय पाहिली जाईल, मात्र ती साधने प्रणालीचा भाग मानली जाणार नाहीत. मुक्त कशाला म्हणायचे, याची कसोटीही करारासोबत लिहून दिलेली आहे. ‘ओपन सोर्स’ या संज्ञेची जी व्याख्या पुढे १९९८ मध्ये जगापुढे आली, ती याच कसोटीवरून बेतलेली होती.

विक्रेते आश्वासने देतातच. परंतु विक्रेत्याचे आश्वासन परवान्याच्या बारीक अक्षरांत मर्यादित केलेले असते आणि कंपनी दुसऱ्याला विकली गेली की ते बदलू शकते. डेबियनला विकता येईल असा मालकच नाही. जगभरचे सुमारे एक हजार अधिकृत सदस्य आणि त्यांच्याखेरीज मदत करणारे असंख्य स्वयंसेवक हे काम करतात. डिसेंबर १९९८ मध्ये त्यांनी आपली घटना स्वीकारली. तिच्यानुसार दरवर्षी सदस्यांच्या मतदानाने प्रकल्पाचा नेता निवडला जातो, आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. नेत्याच्या निर्णयालाही सदस्यांना मतदानाने आव्हान देता येते. वार्षिक सर्वसाधारण सभा, निवडणूक, घटनादुरुस्ती आणि त्यांवरची लांबलचक वादावादी, हे सारे ज्यांनी ग्रंथालयाच्या कारभारात पाहिले आहे, त्यांना या संस्थेचे वर्णन परके वाटण्याचे कारण नाही.

काम कसे चालते तेही पाहण्याजोगे आहे. डेबियनमध्ये आज्ञावल्यांचे सुटे गठ्ठे असतात; त्यांना पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजची जबाबदारी नाव नोंदविलेल्या व्यक्तीवर किंवा गटावर असते. नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘चाचणी’ शाखेत जाते. ठरावीक काळाने चाचणी शाखेत नवी भर घालणे थांबवितात, उरलेले दोष काढतात, आणि मगच ती ‘स्थिर’ म्हणून प्रसिद्ध होते. स्थिर आवृत्तीत पुढे नवी वैशिष्ट्ये घातली जात नाहीत. सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या होतात. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक आवृत्ती पाच वर्षांच्या आसपास सांभाळली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत.

या पद्धतीचा तोटा उघड आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मिळणारे साधन बहुधा वर्षा-दोन वर्षांपूर्वीचे असते. २००२ नंतरची आवृत्ती यायला तर जवळजवळ तीन वर्षे लागली आणि संस्थेची चेष्टाही झाली. तरीही ज्यांचे काम अडता कामा नये, त्यांना हाच संथपणा हवासा वाटतो. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील कामाचे लॅपटॉप विंडोजवरून डेबियनवर नेण्यात आले, ते स्थिर, भरवशाची आणि आपल्या हाती नियंत्रण देणारी प्रणाली हवी म्हणून. पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर यंत्र अडले, तर विक्रेत्याचा माणूस येण्याची वाट पाहता येत नाही.

लिखित वचनाची खरी परीक्षा मात्र सुरळीत दिवसांत होत नाही. चूक घडते तेव्हा होते. डेबियनकडून अशी एक फार मोठी चूक घडली. संगणकातील गुप्त दळणवळणासाठी ज्या किल्ल्या तयार कराव्या लागतात, त्या ओळखता येऊ नयेत म्हणून अतिशय मोठ्या संख्यांतून यदृच्छेने निवडल्या जातात. २००६ मध्ये हे काम करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजमध्ये, दोष शोधणाऱ्या एका साधनाने तक्रार केली म्हणून, डेबियनच्या बाजूने एक बदल केला गेला. तो बदल वरकरणी निरुपद्रवी होता. परिणाम असा झाला, की एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता उरल्या केवळ ३२,७६८. एवढ्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहणे संगणकाला सहज साधते. ही उणीव जवळजवळ दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही.

२००८ मध्ये ती शोधून काढली ती डेबियनच्याच लुचियानो बेल्लो या सदस्याने. १३ मे २००८ रोजी संस्थेने ती जाहीर केली. कोणत्या किल्ल्या निकामी समजाव्यात, त्या ओळखायच्या कशा, पुढे काय करायचे, हे सारे सांगितले, आणि तपासणीचे साधनही दिले. चूक परक्याची नव्हती, घरची होती. तिने संस्थेची अप्रतिष्ठा झाली. आणि तरीही कराराचे तिसरे कलम पाळले गेले. या प्रसंगानंतर डेबियन सोडून जाणारे असतील. परंतु पुष्कळ जण राहिले, आणि त्यांच्या राहण्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. चुका सर्वत्र होतात. मूळ आज्ञावली उघडी असल्याने त्या आपोआप सापडतात असेही नाही. ही चूक दोन वर्षे डोळ्यांसमोरच होती. फरक एवढाच, की सापडल्यावर ती झाकण्याची सवड आणि अधिकार येथे कोणाला नव्हता.

मतभेदांचीही अशीच गोष्ट. संगणक सुरू होताना सर्व सेवांना चालना देणारी यंत्रणा कोणती असावी, यावरून २०१४ मध्ये डेबियनमध्ये कडाक्याचा वाद झाला. तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘सिस्टिमडी’ ही यंत्रणा स्वीकारली गेली. ज्यांना हे मान्य नव्हते, त्यांतील काहींनी डेबियनची सारी आज्ञावली बरोबर घेऊन ‘डेव्हुआन’ नावाची वेगळी प्रणाली काढली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. मराठी संस्थांमध्ये फाटाफूट झाली म्हणजे कपाटांच्या किल्ल्यांवरून भांडण होते आणि पुस्तके कोर्टात अडकतात. येथे निघून जाणाऱ्याने सारे काही नेले आणि राहिलेल्याचे काहीच उणे झाले नाही. या जाण्याच्या हक्कामुळे राहणाऱ्यांच्या विश्वासालाही अर्थ येतो. ज्या घराचे दार बाहेरून बंद आहे, त्यातील मुक्कामाला निष्ठा म्हणता येत नाही.

तत्त्वाला व्यवहाराशी जुळवून घ्यावे लागते, तेही या संस्थेने उघडपणे केले. नव्या संगणकांतील काही सुट्या भागांना, विशेषतः बिनतारी जाळ्याच्या उपकरणांना, उत्पादकाची बंद आज्ञावली दिल्याशिवाय ते चालत नाहीत. कराराच्या कठोर अर्थाने ती प्रणालीबरोबर देता येत नव्हती, आणि त्यामुळे नवखा माणूस पहिल्याच पायरीवर अडखळत असे. २०२२ मध्ये सदस्यांनी यावर मतदान घेतले, करारात त्यापुरती दुरुस्ती केली, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ही आज्ञावली स्थापनेच्या वेळीच मिळू लागली. काहींना ही तडजोड वाटली. ती तडजोडच होती. पण ती कोणी, केव्हा, किती मतांनी केली, हे आजही कोणालाही पाहता येते.

ग्रंथालयांचा या साऱ्याशी असलेला संबंध उपमेपुरता नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट ही लहानशा भागातील ग्रंथालये चालविणारी संस्था. १९९९ मध्ये तिच्यापुढे अडचण उभी राहिली : देवघेवीच्या नोंदी ठेवणारी तिची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडण्याची शक्यता होती. दुसरी बंद प्रणाली विकत घेण्याऐवजी तिने स्थानिक तंत्रज्ञांकडून नवी लिहून घेतली आणि सर्वांसाठी मुक्त केली. ३ जानेवारी २००० रोजी ती वापरात आली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे अशी भेट, जिच्यामागे परतफेडीची जाणीव असते. आज जगभर, आणि भारतातही, अनेक ग्रंथालये कोहा वापरतात. आणि कोहाची तयार पॅकेजे तिचे रचनाकार डेबियनसाठी पुरवितात. एखाद्या ग्रंथपालाने डेबियन निवडली, तर त्याच्या मागे पुष्कळदा एवढे साधे कारण असते. आणखी एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. डेबियनची स्थापना करताना भाषांची जी यादी पुढे येते, तीत मराठीही आहे. ती कोणा कंपनीने बाजारपेठ पाहून घातलेली नाही; स्वयंसेवकांनी वाक्य न् वाक्य भाषांतरित करून घातली आहे.

बडोद्याला ही रीत नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारायला आरंभ केला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, आणि गावाने वर्गणी जमविली की तीत सरकारी भर पडे. ग्रंथालय हे केवळ वरून दिलेले दान नसावे, त्यात गावाचा वाटा असावा, हे त्यामागील सूत्र होते. पुढे १९३१ मध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिले सांगते, की ग्रंथ उपयोगासाठी आहेत, आणि शेवटचे, की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. साखळीने बांधलेल्या ग्रंथांच्या काळाकडे पाहून पहिले सूत्र लिहिले गेले. ज्या यादीची प्रत ग्रंथालयाला स्वतःच काढता येत नाही, ती यादीही साखळीनेच बांधलेली आहे.

असे असले तरी डेबियन सर्वांनी घ्यावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती फुकट मिळते, पण फुकट चालत नाही. ती बसविणारा, वेळोवेळी सुधारणा करणारा, नोंदींच्या प्रती दुसरीकडे नियमितपणे जपून ठेवणारा जाणता माणूस लागतो. मुद्रणाचे आणि हिशोबाचे काही प्रचलित कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत. फार जुनी यंत्रे तीही कायमची सांभाळू शकत नाही. तेराव्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट संगणकांवर तिची नवी स्थापना होत नाही. शिवाय स्वयंसेवकांवर उभी असलेली संस्था स्वयंसेवक आहेत तोवरच टिकते, हे मराठी ग्रंथालयांना कोणी सांगायला नको.

परंतु निवड करताना कोणते प्रश्न विचारावेत, हे डेबियन निवडणाऱ्यांकडून निश्चित शिकता येते. नोंदी कोणाच्या? त्या ज्या स्वरूपात साठविल्या आहेत, ते स्वरूप जाहीर आहे का? पुरवठादार उद्या उठून गेला तर त्या सबंध बाहेर काढता येतील का? दोष आढळला तर तो कळविण्याचे बंधन कोणावर आहे, आणि ते कोठे लिहिले आहे? हे चार प्रश्न विचारण्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली नोंदवही उघडून पहिल्या पुस्तकाला क्रमांक दिला, त्यांना हे प्रश्न विचारावेच लागले नाहीत, कारण वही त्यांची होती. ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा ठराव जेव्हा केव्हा कार्यकारी मंडळापुढे येईल, तेव्हा किंमतपत्रकांच्या तुलनेआधी या प्रश्नांची लेखी उत्तरे मागविली जावीत. पुढल्या शतकातील वाचकाला आजची यादी उघडून वाचता येईल की नाही, हे त्या उत्तरांवर अवलंबून आहे.